खबऱ्याची अटक

प्रजेच्या श्वासावरही पहारा ठेवणाऱ्या सत्तेची एक जुनी परदेशी कादंबरी मी विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगमंचावर आणली. नायक अर्थातच मी. पण आमच्याकडे विनोदी नटाशिवाय नाटकाला कोणी बोलावत नाही, म्हणून त्यात एक बावळट खबऱ्या घुसवला. ते काम करणाऱ्या नटाच्या वाक्यावाक्याला टाळ्या पडू लागल्या आणि माझ्या भाषणाला लोक शेंगा सोलू लागले.

मी जळून कोळसा झालो. घरी येऊन संहिता उघडली आणि दुसऱ्याच अंकात खबऱ्याला अटक करून टाकली. लेखकाच्या हाती एवढी सत्ता असतेच!

पुढचा प्रयोग आलापल्लीजवळच्या एका गावात होता. शिपाई खबऱ्याला ओढत नेऊ लागले, तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली.

"अरे, काऊन नेऊन राह्यले त्याले?"

मागून कोणी ओरडलं, "सोडा त्याले, नाईतर नाटक बंद!"

सारा मंडप उभा राहिला. शिपाई विंगेत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहू लागले. मी होकारार्थी मान हलवली. सोडला.

जुलमाविरुद्ध लोकांनी पेटून उठावं, यासाठीच तर मी हे नाटक लिहिलं होतं. उठले, पण याच्यासाठी!

शेवटच्या अंकात मला बेड्या पडल्या. मी सावकाश वळलो, लोकांना उठायला भरपूर वेळ दिला. त्या म्हातारीकडे तर चक्क आशेनं पाहिलं.

ती म्हणाली, "जा ना भाऊ लवकर, त्याचं गाणं राह्यलं ना अजून!"