साठच्या खाली

धूळकाका हे नाव त्यांना गल्लीतल्या पोरांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायला लागला. खरं तर ते प्रदूषण नियंत्रण खात्यात प्रयोगशाळा सहायक. पण तसं सांगितलं की लोक विचारत, म्हणजे नेमकं काय करता? आणि धूळ मोजतो म्हटलं की लोक हसत. तेव्हा पोरांनी दिलेलं नाव काकांनी मुकाट्यानं स्वीकारलं. निदान त्यात खोटं काही नव्हतं.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या गच्चीवर कपाटाएवढं एक यंत्र होतं. आठवड्यातून दोन दिवस ते चोवीस तास घरघरत शहराची हवा आत ओढायचं. त्याच्या माथ्यावर वहीच्या पानाएवढा पांढरा कागद बसवलेला असे. दुसऱ्या दिवशी सकाळी काका तो काढायचे. तोवर तो कधी राखाडी, कधी चक्क काळा झालेला असायचा. मग काचेच्या झाकणबंद भांड्यात, ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांवर एक दिवस ठेवायचा आणि नाजूक तराजूवर तोलायचा. कोऱ्या कागदाचं वजन आधी घेतलेलंच असे. दोहोंतला फरक म्हणजे त्या दिवशी शहरानं नाकातोंडात घेतलेली धूळ. वर्षाला असे एकशे चार कागद. त्यांची सरासरी सरकारी मर्यादेच्या, म्हणजे साठच्या, खाली आली की हवा चांगली. वर असेल तर खात्यानं कारखान्यांच्या मागे लागायचं. इतकं सोपं ते काम होतं, आणि इतकं किचकटही.

तराजूपाशी काका श्वास रोखून उभे राहायचे, कारण उच्छ्वासानंही काटा हलतो. त्यांची आणखी एक खोड होती. कागद काढताना त्याची कड कधीकधी जाळीला चिकटून राहते आणि नखाएवढा कपचा निघतो. बाकीचे लोक फुंकर मारून मोकळे होत. काका तो कपचा चिमट्यानं उचलून त्याच कागदाच्या पाकिटात ठेवायचे आणि वजनाला दोन्ही एकत्र घ्यायचे. "धूळ काय फक्त मधल्या भागावर बसते का?" असं वर विचारायचे. नवीन आलेले लोक एकमेकांकडे बघून हसायचे.

या माणसाला एकच लेक. बारकी. अंगानं बारीक म्हणून बारकी. सहाव्या वर्षी तिला दम लागायला लागला. जिना चढताना छातीतून शिट्टी वाजायची, आणि पोर घाबरून काकांचा शर्ट दोन्ही मुठींत पकडायची. छातीच्या डॉक्टरांनी औषधं दिली, वाफा दिल्या, मग एक दिवस हात टेकले. "एक तर घर हलवा, नाही तर हिला हलवा," ते म्हणाले.

घर हलवायला काकांनी बदलीचा अर्ज केला. काकूंची बहीण समुद्रकाठच्या एका गावात राहायची, तिकडे. अर्ज आठवड्यात परत आला. त्या गावात खात्याचं कार्यालयच नव्हतं. तिथली हवा मुळात स्वच्छ, मग तिथे हवा मोजणाऱ्याला कोण नेमणार? काकांनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. ज्या हवेत लेक जगली नसती, तीच हवा त्यांना पगार देत होती. त्यात त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे काकूंचाही पाय निघेना. शेवटी एकटी बारकी मावशीकडे गेली.

निघताना तिनं विचारलं, "मी परत कधी येणार?"

काकांनी तोच प्रश्न आधी डॉक्टरांना विचारला होता. डॉक्टर वैतागून म्हणाले होते, "हवा चांगली झाली की आणा. चांगली कशाला म्हणायचं ते तुमच्याच खात्यानं ठरवलंय, मला काय विचारता?" म्हणून काका लेकीला म्हणाले, "वर्षाचा आकडा साठच्या खाली आला की त्याच आठवड्यात तुला न्यायला येतो. शब्द देतो." त्या वर्षी आकडा होता एकशे अठ्ठेचाळीस. सहा वर्षांच्या मुलीला दोन्हींतला फरक काय कळणार? तिनं मान हलवली.

तेव्हापासून हे घर त्या आकड्यावर जगलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. खडी फोडणाऱ्या यंत्रांवर छप्पर आणि पाण्याचे फवारे बसवायची सक्ती झाली, तेव्हा आकडा एकशे एकतीसवर आला. काकूंनी त्या दिवशी बारकीची गादी उन्हात घातली. काका म्हणाले, "अगं, अजून सत्तरच्या वर बाकी आहेत." काकू म्हणाल्या, "गादीला ऊन द्यायला तुमच्या खात्याची परवानगी लागते का?"

तिसऱ्या वर्षी दोघांनाही राहवेना. सुट्टीत चारच दिवस म्हणून बारकीला घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी पोरीचे ओठ निळे पडले. काकांनी तिला उचलून दवाखाना गाठला, आणि तिथून तिसऱ्या दिवशी थेट मावशीकडे. त्यानंतर पुन्हा कधी काकांनी "चारच दिवस" हा शब्द तोंडातून काढला नाही. वर्षातून दोनदा रजा काढून तेच जायचे. काकू प्रत्येक सुट्टीत सासऱ्यांचं काकांवर सोपवून जाऊन राहायच्या. परत आल्या की दोन दिवस त्यांचं कशात मन लागायचं नाही. सुरुवातीला फोनवर "बाबा, तू जेवलास का?" विचारणारी पोर पुढे "बाबा, तुम्ही जेवलात का?" विचारायला लागली. मावशीनं चांगलं वळण लावलं, असं सगळे म्हणाले. काकांना मात्र ते "तू" फार आठवायचं.

आकडा उतरत होता. कारखान्यांच्या भट्ट्या कोळशावरून गॅसवर आल्या. जुने ट्रक शहराबाहेरून वळवले. प्रत्येक हुकमामागे काकांचे कागद होते, हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. एका खडीवाल्याची यंत्रं मर्यादेच्या जेमतेम दोन अंक वर सापडली म्हणून बंद झाली, तेव्हा तो प्रयोगशाळेत येऊन काकांच्या पाया पडायला लागला. "दोनच अंक हो, दोनानं काय कुणाचा जीव जातो?" काका म्हणाले, "मर्यादा म्हणजे मर्यादा. आज दोन सोडले तर उद्या तुम्ही चार मागाल." तो शिव्या घालत गेला. काकांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही, पण नोंद त्यांनी बदलली नाही.

शहात्तर. एकाहत्तर. पासष्ट. आणि मग तेरावं वर्ष उजाडलं.

त्या वर्षी काका महिन्याची बेरीज महिन्यालाच करायला लागले. काकूंना आकडा सांगायचे नाहीत, पण घरी कोणत्या चालीनं येतात त्यावरून त्या ओळखायच्या. बारकी आता एकोणीस वर्षांची होती. दर वर्षी आकडा निघायच्या दिवशी तिचा फोन यायचा, अगदी ठरलेला. "किती, बाबा?" बास, एवढंच विचारायची. काकांना वाटायचं, पोरीचा जीव आपल्याइतकाच त्या आकड्यात अडकलाय.

वर्षअखेरीला एकशे तीन कागदांची सरासरी निघाली एकोणसाठ पॉइंट आठ. उरलेला एक कागद मिळवला की साठ पॉइंट एक.

तो कागद वावटळीच्या दिवसाचा होता. गच्चीवर वारा उभं राहू देत नव्हता, काकांनी घाईत कागद ओढला आणि कोपरा फाटला. फाटला म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं शेऱ्यात लिहिलं, "कोपरा फाटला." धूळ निघाली एक्क्याण्णव.

साहेबांनी रजिस्टर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. माणूस वाईट नव्हता. "अहो, हा फाटका आहे. फाटका कागद रद्द धरायचा असं नियमातच आहे. मारा काट! तेरा वर्षांत पहिल्यांदा शहर मर्यादेत येतंय. आणि तुमची मुलगीही घरी येईल की."

साहेबांना फक्त शेरा दिसत होता. पाकिटात कपचा आहे, तो कागदासोबत तोलला गेलाय आणि वजन कणभरही कमी नाही, हे एकट्या काकांना माहीत होतं. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. बाकी काही करायचं नव्हतं.

"उद्या सांगतो," ते म्हणाले, आणि पाकीट समोर ठेवून अख्खी दुपार बसून राहिले. साठ पॉइंट एक आणि एकोणसाठ पॉइंट आठ यांत फुप्फुसाला काडीचा फरक कळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? लेक हवी होती. सकाळी दात घासताना ती दिसायला हवी होती, तिच्या चपला दाराशी हव्या होत्या, तिनं काहीतरी बारीकसारीक मागावं आणि आपण नाही म्हणावं, एवढंच हवं होतं. तेरा वर्षं त्यांनी याहून जास्त काही मागितलं नव्हतं. हात एकदा पेनाकडे गेलाही. पण मग निळे ओठ आठवले. उद्या पोरीला दम लागला, तर जगातल्या कुणाला कळलं नाही तरी आपल्याला कळेल की कोणत्या कागदामुळे. आणि त्या खडीवाल्याला काय तोंड दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपचा चिमट्यात धरून साहेबांना दाखवला. साहेबांनी वाकून तो नीट पाहिला. मग म्हणाले, "काका, तुम्ही माणूस आहात की तराजू?" आणि साठ पॉइंट एकवर सही केली.

घरी आल्यावर काकूंनी चेहरा बघितला आणि काही विचारलंच नाही. त्या आतल्या खोलीत गेल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"किती, बाबा?"

"साठ पॉइंट एक."

"म्हणजे... वरच?"

"वरच. थोडक्यात हुकलं गं. पुढच्या वर्षी नक्की. तू धीर सोडू नकोस."

काकांनी डोळे मिटले. आता ती रडेल आणि आपल्याला तिला समजवावं लागेल, याची त्यांनी मनातल्या मनात तयारी केली.

"म्हणजे आता यायचं नाही ना मला?" बारकीनं विचारलं. "नाही म्हणजे, आपलं ठरलंच होतं ना तसं."

"हो. ठरलं होतं."

"मग बाबा, मी इथला फॉर्म भरू का?" आणि मग बांध फुटावा तशी ती बोलतच सुटली. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा दोन वर्षांचा कोर्स, धक्क्याजवळच. मावशीच्या यजमानांच्या शेडमध्ये ती केव्हापासूनच हात काळे करत होती. इथले काका म्हणतात, माझा हात चांगला आहे. मुलगी मी एकटीच असेन. परवा शेवटची तारीख. "मी फॉर्म आणून ठेवला होता. पण म्हटलं, आधी आकडा येऊ दे."

धूळकाकांच्या शहरात बोटी नव्हत्या. तळंसुद्धा नव्हतं.

"तुला... तिथेच राहायचंय का?" त्यांनी विचारलं. तेरा वर्षांत हा प्रश्न त्यांनी तिला कधी विचारलाच नव्हता, हे त्यांना तो विचारताना कळलं.

"रागावणार नाही ना?" तिचा आवाज खाली आला. "तुम्ही दोघं इतकी वाट बघता. आई तर येते तेव्हा माझ्या खोलीबद्दलच बोलत असते. मी कशी सांगणार? दर वर्षी हा दिवस आला की, बाबा, सकाळपासून घास उतरायचा नाही. आणि तुम्ही आकडा सांगितला की..."

"की काय?"

"की मग भूक लागायची."

काका भिंतीला टेकून उभे राहिले. आधीचे बारा फोन त्यांना आठवले. प्रत्येक वेळी ती "असू दे, बाबा" म्हणायची आणि त्यांना वाटायचं, केवढी समजूतदार पोर, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हुंदका गिळते आहे.

"बाबा? आहात ना?"

"आहे. भर फॉर्म. उद्याच भर, शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस."

"आणि आईला?"

"आईचं मी बघतो. तू जेवून घे."

फोन ठेवून ते आतल्या खोलीत गेले. काकू बारकीच्या पलंगाच्या कडेवर पाठमोऱ्या बसल्या होत्या. वळल्या नाहीत.

"फार रडली का हो ती?" त्यांनी विचारलं.

धूळकाका त्यांच्या शेजारी बसले.

"हो," ते म्हणाले. "बरीच रडली. घरी यायचं म्हणत होती."

ते ऐकून काकूंना जरा बरं वाटलं.