मुक्कामदादा आणि दार बंद होणारी खोली

मुक्कामदादांना बर्फात काडीचाही रस नव्हता. दर फेब्रुवारीच्या सुट्टीत नायमेखन या डच गावातल्या आम्हा चार मराठी कुटुंबांना ऑस्ट्रियाच्या डोंगरात स्कीइंगला घेऊन जाणारा हा माणूस स्वतः एकदाही स्कीवर उभा राहिला नाही. उतार कोणता सोपा, बर्फ किती पडलाय, या चौकश्या बाकीच्यांनी करायच्या. दादांना ध्यास एकच, राहायचं कुठे. "डोंगर सगळ्यांना सारखाच मिळतो," ते म्हणत, "मुक्काम तेवढा आपल्या हातात असतो." माझ्या नवऱ्याने, निखिलने, त्यांचं नाव मुक्कामदादा ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की गावात नवीन आलेल्यांना त्यांचं खरं नाव मुद्दाम सांगावं लागे.

घर ठरवण्याआधी ते मालकाला फोन करत. फोटोंवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. दिवसभर कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी मोजणारा हा माणूस मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारी, सकाळी स्वयंपाकघरात ऊन येतं का? ओले बूट कुठे वाळवायचे? शेजाऱ्यांना कुकरचा त्रास होईल का? एकदा कुकरच्या शिट्टीला शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी फोनवर चक्क शिट्टी वाजवून दाखवली. पलीकडच्या बाईंनी घाबरून फोन ठेवला. दादांनी पुन्हा लावला. शेवटी तेच घर मिळालं आणि चांगलं निघालं.

दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे सगळे एका छताखाली. "पलंग मोजू नका, जमीन मोजा," असं त्यांचं गणित. मोठ्यांना खोल्या आणि पोरांना हॉलमध्ये ओळीने गाद्या, मंगलकार्यात टाकतात तशा. आम्हा सगळ्यांचं बालपण अशाच गाद्यांवर गेलेलं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. एका वर्षी घरमालकीण सकाळी ताजा पाव घेऊन आली आणि ती ओळ बघून दारातच थबकली. पलंग मोडले का, असं तिने काळजीने विचारलं. आम्ही पोट धरून हसलो. त्या ओळीत दादांची मुलगी सईसुद्धा होती. ती तेव्हा बारा वर्षांची होती. तिने दुलई डोक्यावरून ओढून घेतली, ती बाई जाईपर्यंत खाली घेतली नाही. मी ते पाहिलं होतं, दादांनी नाही. ते पाव मोजत होते.

त्यानंतर दादा आणि वृंदावहिनी वेगळे झाले. आरडाओरडा नाही, तमाशा नाही. इथल्या रिवाजाप्रमाणे सई एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा बाबाकडे राहू लागली. दोन्ही घरं सायकलच्या अंतरावर होती, म्हणून ते निभलं. पण दोनेक वर्षांनी वहिनींना रॉटरडॅमला नोकरी लागली आणि उन्हाळ्यात त्या तिकडे जाणार हे ठरलं. आता आठवड्याची वाटणी चालणार नव्हती. सईला एक घर निवडावं लागणार होतं. या देशात एवढ्या वयाच्या मुलांना न्यायाधीशसुद्धा बोलावून विचारतात, तुला काय हवंय म्हणून. सई अजून काहीच बोलत नव्हती. दादा रोज सकाळी ती आज सांगेल या भीतीने उठत, आणि तिने सांगितलं नाही की संध्याकाळी त्यांना आणखीनच भीती वाटे. हे ते कुणापासून लपवत नसत. लपवणं त्यांना जमतही नसे.

त्या वर्षीची फेब्रुवारीची सुट्टी दादांच्या आठवड्यात आली. त्यांनी आजवरचं सगळ्यात मोठं घर धरलं, खाली दरीतल्या गावात. "सगळे असले की पोरगी रमते," ते मला म्हणाले. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. आणि मग एके दिवशी सईने जाहीर केलं की ती येणार नाही. तिची वर्गमैत्रीण लोटे आईवडिलांबरोबर त्याच दरीच्या वरच्या गावात जाणार होती, आणि हिला त्यांच्याबरोबर जायचं होतं.

"तुमचा आठवडा आहे ना दादा?" निखिल आमच्या जेवणाच्या टेबलावर हात आपटून म्हणाला. "मग विचारायचं काय त्यात? गाडीत बसवा आणि चला."

"बसवेन की. आणि गाडीतून उतरल्यावर?"

दादा पोह्यांतले दाणे बाजूला काढत बसले. त्यांना दाणे फार आवडायचे, म्हणून मला ते बघवेना. मग ते हळूच म्हणाले, "घरमालकांना आजवर किती प्रश्न विचारले गं मंजिरी. पोरीला एकही नाही."

सई शनिवारी आमच्या छोट्या ओमला सांभाळायला येत असे. त्या शनिवारी आम्ही बाहेरून परत आलो तर पाठोपाठ दादा हजर. सई जॅकेट घालत होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर द्यायची डचमध्ये. फार चिडली किंवा फार हळवी झाली, तरच मराठी यायची तोंडात.

"सई, यंदा मुक्काम कुठे करायचा ते तू सांग," दादा दारातूनच म्हणाले. बूटही काढले नव्हते.

तिने संशयाने पाहिलं. "मी सांगितलं तर तू ऐकणार?"

"ऐकणार."

"वरच्या गावात. लोटे असेल तिथे. आणि सगळ्यांबरोबर नाही. मला माझी वेगळी खोली पाहिजे." इथवर डच चाललं होतं. मग ती एकदम मराठीत म्हणाली, "दार बंद होणारी."

दादांचे कान लाल झाले. मला वाटलं आता हा माणूस फुटणार, एकत्र राहण्याचं महत्त्व, आपले संस्कार, सगळं बाहेर येणार. पण त्यांनी फक्त विचारलं, "आणि मी?"

सई जॅकेटची चेन वरखाली करत राहिली. तेवढ्या वेळात मी ओमचा हात इतका घट्ट धरला की तो कळवळला.

"ये हवं तर," ती म्हणाली. "पण सारखा फोन करायचा नाही."

सारखा फोन करणं हा दादांचा श्वासच होता. सई शाळेतून निघाली की फोन, पोचली की फोन, मधे पाऊस आला की फोन. तरी ते "बरं" म्हणाले.

मग आमच्यात धुसफूस सुरू झाली. दरीतल्या घराचा मालक दादांशिवाय कुणाला ओळखत नव्हता, आणि आता दादाच वर राहणार. "एका पोरीच्या हट्टापायी सगळ्यांचा बेत विस्कटला," असं एकीने मला फोनवर ऐकवलं. निखिलही घुश्शात होता. दादांनी कुणाशी वाद घातला नाही. निखिलला समोर बसवून चार जर्मन वाक्यं घोकून घेतली आणि स्वतः वरच्या गावात जागा शोधत बसले. ऐन सुट्टीत तिथे काय मिळणार? नकारावर नकार येत होते आणि सुट्टी जवळ येत होती. अखेर एका स्की भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या वर दोन खोल्या सापडल्या. स्वयंपाकघर नाही, ऊन नाही, बूट ठेवायला जिना. दादांनी मालकाला एवढंच विचारलं, दोन्ही खोल्यांना वेगवेगळी दारं आहेत ना?

आम्ही दरीत उतरलो आणि ते दोघं वर गेले. दादा पाव-चीजवर दिवस काढत असणार. शेवटी एका दुपारी आमटी-भाताचा डबा घेऊन मी केबल कारने वर गेले. दादा त्यांच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले होते. समोर उतार दिसत होता, म्हणजे एरवी दिसत असणार. त्या दिवशी ढग पार खाली उतरले होते आणि उतारावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टच्या खांबांपलीकडे नुसतं पांढरं. सई आणि लोटे दोघीच वर गेल्या होत्या.

"कधी येणार?"

"लिफ्ट बंद व्हायच्या आत, म्हणाली."

डबा तसाच राहिला. वारा वाढला. खालच्या दुकानात माणसं भराभर स्की परत करायला लागली, मग तीही यायची थांबली. लिफ्टच्या खुर्च्या रिकाम्या येत होत्या, आणि बघता बघता त्याही थांबल्या. दादांचा फोन खिडकीच्या कट्ट्यावर पडला होता. ते त्याच्याकडे बघत आणि नजर काढून घेत.

"दादा, फोन करा ना!"

"नको म्हणाली आहे ती."

"अहो, वादळ आलंय. आता कसलं नको? द्या इकडे, मी करते."

मी हात पुढे केला तर त्यांनी फोनवर पंजा ठेवला. "वाट चुकली असेल तर बचाव पथकाला मी आत्ता सांगतो. खाली जाऊन विचारतो, त्या दोघी कुणाला दिसल्या का. पण तिला नाही करणार. तिला शब्द दिलाय मी." असं म्हणून ते मोजे घातलेल्या पायांनीच जिना उतरू लागले.

अर्ध्या जिन्यातच ते थांबले. खालून स्कीच्या बुटांचा धाडधाड आवाज येत होता. सई वर आली, भुवयांवर बर्फ, गाल लालबुंद. वरची लिफ्ट वाऱ्यामुळे आधीच बंद केली होती, त्या दोघी बाकीच्या लोकांबरोबर हळूहळू खाली आल्या होत्या. सईने हातमोजा दातांनी ओढून काढला, खिशातला फोन पाहिला, पुन्हा पाहिला.

"तू फोन नाही केलास," ती म्हणाली. मराठीत.

मी डबा टेबलावर ठेवला आणि शेवटची केबल कार मिळते का ते बघायला निघाले. तिथे माझं आता काही काम नव्हतं.

त्या सुट्टीनंतर आमच्या एकत्र सहली झाल्या नाहीत. कुणाची मुलं मोठी झाली, कुणी आर्नहेमला गेलं, कुणी भारतात परतलं. पुढे दादांनीही नायमेखन सोडलं आणि सणासुदीच्या मेसेजपुरते उरले. मला त्यांची फार आठवण येते. आणि ते डोळ्यांसमोर येतात ते परतीच्या वाटेवर, जर्मनीतल्या एका पेट्रोलपंपावर. आमच्या सगळ्या गाड्या तिथे थांबल्या होत्या. सगळे पाय मोकळे करायला उतरले, दादा तेवढे उतरेनात, म्हणून मी कॉफी घेऊन त्यांच्या गाडीपाशी गेले. शेजारच्या सीटवर सई झोपली होती, मान त्यांच्या खांद्यावर कलंडलेली. त्यांनी काच बोटभर खाली केली.

"ठरलं तिचं," ते कुजबुजले. "रॉटरडॅम."

कॉफीचा कप तसाच हातात राहिला.

"त्या दिवशी तू गेलीस ना, त्यानंतर सांगितलं. खूप रडली. मीही रडलो. मला वाटायचं, हे वकिलाच्या तोंडून कळणार मला. पण तिने स्वतः सांगितलं गं. आधी मला. तिच्या आईलासुद्धा अजून माहीत नाही."

तेवढ्यात सई झोपेत हलली. दादांनी ओठांवर बोट ठेवलं आणि काच वर केली. आम्ही सगळे निघालो. ती जागी होईपर्यंत ते तिथेच थांबले होते, असं मला नंतर कळलं.