आतोबांचा तपास

रजेला घाबरणारा हवालदार साऱ्या तापीकाठी एकच झाला, आणि ते आमचे आतोबा. वर्षाची हक्काची रजा ते काढ्यासारखी नाक दाबून घेत, आणि घेतली तरी तिच्यात रमत नसत. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी मांडवाला मागून वाट आहे का ते पाहत. एकदा बहादरपूरला आमच्या केळीच्या बागेत जेवायला आले, तर ओल्या मातीत संशयास्पद पावलं दिसली म्हणून माग काढत निघाले. पानं ताटकळली. सगळ्या बागेला फेरा घालून माग विहिरीवर पोचला, तेव्हा पावलं त्यांचीच निघाली. तरी पाय धुताना म्हणाले, "शक घेतलेला बरा."

मग छप्पन साली राज्यांची फेररचना झाली. नागपूरकडे पाहायची सवय असलेलं बुऱ्हाणपूर भोपाळकडे तोंड करून बसलं, आणि कोणता शिपाई इकडचा, कोणता विदर्भातला, याचा घोळ सुरू झाला. हुकूम येईपर्यंत घरी बसा, असं आतोबांना सांगण्यात आलं. मी तेव्हा शहरातल्या लोधीपुऱ्यात त्यांच्या शेजारी राहून मास्तरकी करत होतो. माझ्या डोळ्यांदेखत हा धिप्पाड माणूस वाळत चालला. भाकरी ताटात तशीच राही. वैद्यांना नाडीत काही सापडेना. त्यांच्या काळजीनं आत्याचाही घास उतरेना. दोघांपैकी आधी कोण अंथरूण धरतं, याची मला खरोखरच धास्ती वाटू लागली.

अखेर आत्यानंच उपाय काढला. एका सकाळी पदर सारखा करून तिनं आतोबांपुढे रीतसर फिर्याद दिली, की पितळी तांब्या चोरीला गेला. तांब्या माझ्या कपाटात होता. आतोबा ताडकन उठले. त्यांनी मोरी पाहिली, गवळ्याची जबानी घेतली, माझीही घेतली, आणि दुपारी पोटभर जेवले. पुढे अडकित्ता गेला, मग परात, मग चक्क पाटा. तो उचलून नेताना माझी कंबर धरली. एकही चोरी उघडकीला आली नाही, पण दोघंही जेवू लागली.

हुकूम आला तो बुऱ्हाणपुरातच राहण्याचा. आत्या देवापुढे साखर ठेवून रडली. माझाही जीव भांड्यात पडला. पट्टा आवळून निघालेल्या आतोबांसोबत मी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि आता त्या चोऱ्यांचं काय, म्हणून हळूच विचारलं.

"चोर कोण, ते मले पहिल्याच दिशी मालूम पडलं होतं," ते म्हणाले. "पण मी तपास सोडला असता, त् तिनं पुन्हा जेवण सोडलं असतं."

आत्याला मी हे कधीच सांगितलं नाही. आपण त्यांना फसवून जगवलं, याच आनंदात ती जन्मभर राहिली, आणि त्यांनीही तिला तसंच राहू दिलं. आज दोघंही नाहीत. आठवण आली की आधी हसू येतं, आणि मग हात आपोआप कंबरेवर जातो.