हरणाचा फोटो आणि मामाजींची घोंगडी

हरणाला फोटो काढून घ्यायची अजिबात हौस नसते, ही माहिती विज्ञानाच्या पुस्तकात दिलेली नाही. ते पुस्तक मी स्वतः आदिलाबादच्या शाळेत कितीतरी वर्षं शिकवलं, म्हणून खात्रीनं सांगते.

भानगड सुरू झाली स्टाफरूममध्ये. आमच्या राजेश्वरी मॅडम तेलुगू शिकवायच्या. एकदा डबा खाताना त्यांनी हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातल्या हरणांचं इतकं कौतुक चालवलं, की माझ्या घशाखाली भाकर उतरेना. मी म्हटलं, "मॅडम, उसमें क्या है? हमारे ससुर के खेत में हिरन ऐसे आते, जैसे तुम्हारे घर में बिल्ली आती!"

"सच्ची?"

"पानी पीके जाते!" (हे मी कशाला जोडलं, कोण जाणे.)

"तो फोटो खींचके लाओ ना!"

सगळी स्टाफरूम माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "लाती ना! उसमें क्या है?"

आमचे 'हे' महसूल कचेरीत कारकून. कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय पुढे न सरकवण्याची त्यांना सवय. घरी आल्या आल्या मी सगळं सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तू कधी हरीण जवळून पायलं काय?"

"नाही."

"मंग काऊन बोल्ली?"

"निघालं तोंडातून!"

माझ्या भावाचा कॅमेरा सुट्टीत आमच्याकडे राहिला होता. तो गळ्यात अडकवून शनिवारी शाळा सुटल्यावर मी ह्यांना तामसीच्या बसमध्ये घातलं आणि आम्ही गावी पोचलो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर दोर वळत बसले होते. उमेदीची वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या वावरात सालदारी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमजुरी, केली, मग स्वतःचं वावर घेतलं. त्यामुळे त्या वावरातल्या ढेकळापासून हरणापर्यंत सगळं आपल्या मालकीचं आहे, असं त्यांचं मत होतं.

"हरणाचा फोटो? हात्तिच्या! थे तं मले ओळखतात!"

आतून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "ओळखतात म्हूनच पळतात."

त्याच संध्याकाळी आमची वरात निघाली. पुढे मामाजी, मागे हे, मग पिवळ्याधमक साडीत मी, आणि "एकटी घरी काय करू?" म्हणत आत्याबाई. हरणं खरंच आली होती! हरभऱ्याच्या पार पलीकडच्या टोकाला कळप चरत होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि हबकले. नुसत्या डोळ्यांना शेळीएवढी दिसणारी हरणं कॅमेऱ्यातून मुंगळ्याएवढी झाली होती!

"उलटा धरला काय?" ह्यांनी विचारलं.

"सरळच आहे हो!"

"मंग जवळ जा लागते."

मी एक पाऊल टाकलं. सगळ्या माना वर. मी थांबले. माना खाली. पुन्हा पाऊल, पुन्हा माना वर! शाळेत कवायतीला पोरं इतकी एका तालात कधी हलली नाहीत. तेवढ्यात आत्याबाई कुजबुजल्या. (त्यांची कुजबुज शेजारच्या गावात ऐकू जाते.)

"सुमन! थे मोठ्या शिंगाचं काढ वो!"

मोठ्या शिंगाच्यानं अशी उडी मारली, की हवेतच दिसेनासं झालं. मागोमाग अख्खा कळप. मी घाईनं बटण दाबलं, तेव्हा समोर फक्त आभाळ होतं आणि खालच्या कोपऱ्यात मामाजींचा फेटा.

जेवताना मामाजींनी निकाल दिला. "तुही साडी कोसावरून दिसते. अन् माणसाचा वास लागते त्यायले. सकाळी माही घोंगडी घे पांघरून."

"तिचा किती वास येते, ठाव हाये काय?" आत्याबाई म्हणाल्या.

"म्हूनच तं देऊन राह्यलो! हरणाले वाटन, बकरी आली."

ह्यांनी घास हातातच ठेवला. "बाबा, बाजारहत्नूरकडं अस्वलानं एका माणसाले ओरबाडलं म्हणतात. कचेरीत बोलून राह्यले होते."

"थे तिकडं, डोंगरात! आपल्या इथं काऊन येईन अस्वल?"

सकाळी मामाजींनी मला घोंगडीत स्वतः बांधलं. काळी, जाड, केसाळ घोंगडी. डोक्यावरून खोळ, आणि सरकू नये म्हणून कमरेला कालच वळलेला दोर. गाठ पाठीमागे, आणि ती अशी, की बैलालाही सुटू नये. आतला वास मी इथे सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. हरभऱ्याला लागून तूर उभी होती, डोक्याएवढी. तिच्या दोन ओळींमधून चार पायांवर जायचं, टोकाला पोचलं की फोटो काढायचा, असा बेत ठरला. हे आणि मामाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबले. "खोकायचं नाही," मी ह्यांना बजावलं. ह्यांनी लगेच खोकून घेतलं.

मी निघाले. गुडघ्याला ढेकळं, केसांत तुरीची पानं, गळ्यात लोंबणारा कॅमेरा. थोडं सरकायचं, थांबायचं, श्वास धरायचा. आणि काय सांगू, जमलं! तुरीच्या टोकाला पोचून मी फांद्या हळूच बाजूला केल्या, तर कळप अगदी समोर. पाठीनं काळाभोर, पोटाखाली पांढरा, पिळाच्या शिंगांचा नर माझ्याकडेच बघत होता. त्याच्या नाकपुड्या हलताना दिसत होत्या. मागे एक मादी निवांत हरभऱ्याचे घाटे खात होती (मामाजींचेच). त्या क्षणी मी राजेश्वरी मॅडमना विसरले, गुडघे विसरले, वासही विसरले. श्वास रोखून कॅमेरा उचलला.

आणि पलीकडच्या वावरातून किंकाळी आली.

"अस्वल वोऽऽ! तुरीत अस्वल!"

तिथे गावातल्या गिरजाबाई आणि दोघीचौघी बाया कापूस वेचत होत्या. हरणं भर्रकन गेली. मी गोठले. माझ्या मनात एकच विचार आला : बाप रे, अस्वल माझ्या मागेच आहे! (मागे वळून पाहायची हिंमत नव्हती. पाहिलं असतं, तरी घोंगडीच दिसली असती.)

मी जीव घेऊन पळाले. पळाले म्हणजे काय, साडी आणि घोंगडी पायात, त्यामुळे निम्मं अंतर चार पायांवरच! आणि पळणार कुठे? जिथे माणसं तिथे! मी थेट कापूस वेचणाऱ्या बायांच्या दिशेनं सुटले.

"आलं वो माय! अंगावर आलं!"

बाया पळाल्या. मी त्यांच्या मागे. त्या जितक्या जोरात ओरडत, तितकी माझी खात्री पटे की अस्वल आता मला धरतंय. मी ओरडले, "वाचवा! थांबा!" पण खोळ तोंडावर आली होती, तोंडात केस गेले होते. बाहेर पडला तो आवाज होता "व्वाऽऽव! घ्वाऽऽव!"

गिरजाबाईंनी कापसाचं ओझं माझ्या दिशेनं फेकून दिलं. मी त्यात अडखळले, उठले, आणि दिशा चुकून पुन्हा आमच्याच तुरीत घुसले.

इकडे धुऱ्यावर ह्यांना काय ऐकू आलं? तुरीत बायको, तुरीत अस्वल, आणि मग ते घ्वाव-घ्वाव. कचेरीच्या कपाटात झुरळ निघालं तर शिपायाला हाक मारणारा हा माणूस. पण चप्पल टाकून, काठी घेऊन, सरळ तुरीत शिरला. "सुमन! सुमन!" त्यांचा आवाज इतका फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. मागून मामाजी धुऱ्यावरच्या बैलगाडीच्या कडेचा दांडा, म्हणजे उभारी, उपसून धावले. मनगटाएवढ्या जाड त्या दांडक्याचा एक तडाखा म्हणजे अस्वल जागच्या जागी खलास.

ह्यांची हाक ऐकून मला केवढा धीर आला! मी आवाजाच्या रोखानं झेप घेतली, ती त्यांच्या पायांतच जाऊन पडले. ते मागच्या मागे कोसळले. कुठेतरी कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं. वर मान केली, तर खोळीच्या फटीतून दिसलं : मामाजी, डोळे लाल, आणि डोक्यावर उगारलेली उभारी!

"बाजूले हो लेका! डोस्कं फोडतो त्याचं!"

मी "मामाजी!" म्हणाले. ऐकू गेलं "म्याऽऽव्जी!" उभारी आणखी वर गेली.

"थांबा होऽऽ!"

चहाची किटली घेऊन आत्याबाई तुरीत शिरल्या होत्या. त्यांची नजर घोंगडीच्या दुसऱ्या टोकाला होती.

"अस्वलाच्या पायात जोडवे कुटले वो?"

मामाजींचे हात तसेच वर राहिले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग घोंगडीकडे, मग स्वतःच बांधलेल्या गाठीकडे. उभारी हळूहळू खाली आली आणि तिच्याबरोबर मामाजीही खाली बसले.

"माय वो," एवढंच म्हणाले. आत्याबाईंनी माझी खोळ मागे ओढली, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि मग सगळ्यांवर मिळून ओरडायला सुरुवात केली.

हे ढेकळातच उठून बसले.

"मले वाटलं, तुले नेलं त्यानं," ते म्हणाले.

"कोणी?"

"तूच!"

आणि मग आम्ही जे हसलो! हसता हसता ह्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि मीही त्यांच्याच बाहीला डोळे पुसले. गार झालेला तो चहा आम्ही एकाच कपातून प्यालो. तसा गोड चहा पुन्हा मिळाला नाही.

दूरवरून गिरजाबाईंची हाक आली, "गेलं काय वो अस्वल?"

मामाजींनी घराण्याची अब्रू झटक्यात सावरली. मला घोंगडीसकट तुरीत खाली दाबलं आणि ओरडले, "गेलं! डोंगराकडं गेलं!"

फोटो धुऊन आले. एकात आभाळ आणि फेटा. दुसऱ्यात एक माणूस पाय वर करून पडलेला, मागे उभारी घेऊन दुसरा. राजेश्वरी मॅडमनी तो फोटो डब्याच्या वेळी बराच वेळ न्याहाळला. "हिरन किधर है?" मी सगळं खरं खरं सांगितलं. मॅडम इतक्या हसल्या, की त्यांच्या पुलिहोऱ्याचे, म्हणजे चिंचेच्या भाताचे, दाणे माझ्या वरणात आले.

पुढे मामाजींनी कोणालाच खरं सांगितलं नाही, त्यामुळे ते अस्वल भागात चांगलंच नावारूपाला आलं. बऱ्याच महिन्यांनी मी तामसीच्या बसमध्ये बसले होते. शेजारच्या अनोळखी बाईनं माझ्या गावाचं नाव ऐकलं आणि डोळे मोठे केले.

"तुमच्याच गावात अस्वल निंगालं होतं ना वो? लई जाडं होतं म्हणतात! म्हशीवानी! पळताना दम लागून राह्यला होता त्याले!"

"एवढं काही जाड नव्हतं हो," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमी पायलं काय?"

"अगदी जवळून," मी म्हटलं, आणि पोट आत ओढून खिडकीबाहेर बघू लागले.