टाय लावून खणलेला चर

"माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून घे," बाबा शनिवारी जेवताना म्हणाले. आमटीत मीठ कमी आहे हे जसं सांगतात, तसंच.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही ऑकलंडला हिल्सबरोमध्ये उतारावरच्या एका घरात राहत होतो. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा पुण्यात एकटे आहेत याचं मला इतकं वाईट वाटायचं, की मी त्यांना सहा महिन्यांसाठी इथे बोलावून घेतलं. मग रोज सकाळी त्यांना घरात एकटं ठेवून मी हेन्डरसनच्या ऑफिसला जाऊ लागलो आणि बायको तिच्या ऑफिसला. अपराध तोच राहिला, फक्त देश बदलला.

"का बाबा? काही चुकलं का आमचं?"

"चुकलं काही नाही. इथे मला काम काय आहे? सकाळपासून खिडकीत बसतो. समोरच्या मांजराला माझी दिनचर्या पाठ झालीय."

बाबा पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी त्यांनी कालव्यावर काढली होती. आमच्या घरामागच्या टेकडीचं पाणी प्रत्येक पावसात गॅरेजमध्ये शिरतं हे त्यांनी आल्या आठवड्यातच पाहिलं होतं. वरच्या बाजूला एक चर खणायला हवा, असं मला सांगूनही झालं होतं. "पुढच्या वीकेंडला नक्की," असं मी म्हणालो होतो. तेव्हापासून किती वीकेंड आले आणि गेले, हे मी मोजत नव्हतो, म्हणजे मोजायला भीत होतो.

तिकिटाच्या एजंटने पुढच्या सोमवारपर्यंत कळवायला सांगितलं. बाबांना थांबवायला माझ्याकडे एक आठवडा होता, आणि कारण एकही नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात दोन मुलं उभी होती. पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, हातात सायकलचं हेल्मेट. आमचा चढ चढून आल्यामुळे दोघांनाही धाप लागली होती. एक उंच, गोरा, अमेरिकेतला. दुसरा रुंद खांद्यांचा, टोंगाचा. वय एकोणीस-वीस, आणि पट्टीवर दोघांच्याही आडनावाआधी 'एल्डर', म्हणजे वडीलधारे. मॉर्मन मिशनरी होते ते.

खाली राहणाऱ्या शेजारच्या आजोबांनी त्यांना नुकतंच घालवून दिलेलं मी ऐकलं होतं. त्यांनी दार उघडलं, "नो थँक्स, मेट," म्हटलं आणि दार लावलं. तीन शब्दांत काम झालं. मला ते आजवर जमलेलं नाही. दारातल्या माणसाला नको म्हणायची आपली पद्धत म्हणजे 'या ना परत केव्हातरी'. मी तेच म्हणालो, इंग्रजीत. वर, आपण म्हणतोच तसं, "जेवायलाच या," असंही म्हणालो.

पुण्यात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. उंच मुलाने खिशातून छोटी डायरी काढली.

"गुरुवारी चालेल, सर?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शेवटी निघताना त्यांनी विचारलं, "आम्ही तुम्हाला कशात मदत करू शकतो का? कोणतंही काम?" हा प्रश्न ते प्रत्येक दारात विचारतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी हसून "नाही नाही" म्हणालो. माझ्या मागून आवाज आला, "येस. टुमॉरो. टेन ओ'क्लॉक."

बाबा चपला घालून उभे होते.

बुधवारी दुपारी मी ऑफिसातून घरी फोन केला.

"बोल लवकर," बाबा म्हणाले. "माणसं कामावर आहेत."

"कोण माणसं?"

"कालची. पण अरे, काय माणसं आहेत! चहा घेत नाहीत."

दहा वाजता मुलं आल्यावर बाबांनी आधी चहा टाकला होता. मुलं नको म्हणाली. बाबांना वाटलं, संकोच करतात. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप घ्यायचा, हे ठरलेलंच आहे. त्यांनी तिसऱ्यांदा आग्रह केला. चौथ्यांदा केला. पाचव्यांदा त्या टोंगाच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं, तेव्हा उंच मुलाने समजावलं, की आमच्या धर्मात चहा-कॉफी चालत नाही.

"मग त्यांचे कप?"

"मी प्यायलो. ओतलेला चहा टाकायचा का? तिन्ही प्यायलो. छातीत जरा धडधडतंय."

मी घाबरून लवकर घरी आलो. मागच्या अंगणात एक लांब दोरी ताणलेली होती आणि दोन मुलं टाय शर्टाच्या बटणांमध्ये खोचून खणत होती. बाबा कानटोपी घालून काठावर उभे होते. मधूनच एक पारदर्शक नळी पाण्याने भरून तिची दोन टोकं दोघांच्या हातात देऊन ते लेव्हल बघत होते. "अप! लिटल अप! बस!" आई गेल्यापासून बाबांचा हा आवाज मी ऐकला नव्हता.

मला आधी बरं वाटलं आणि लगेच लाज वाटली. मुलगा म्हणून जे मला जमलं नाही, ते परक्या मुलांकडून फुकटात करून घेत होतो. शिवाय ती धर्मप्रसाराला आली होती. त्यांचा वेळ म्हणजे त्यांच्या देवाचा वेळ. दुसऱ्याच्या देवाचा वेळ आपल्या गॅरेजसाठी वापरला, तर त्याचा हिशेब कुठे लागतो, हे मला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी मुलं जेवायला आली. बायकोने पुरणपोळी केली होती. प्रत्येक पदार्थाकडे बघून उंच मुलगा अदबीने विचारायचा, "यात चहा आहे का?" मठ्ठ्याबद्दलही विचारलं.

जेवताना बाबांनी त्यांची चौकशी सुरू केली. घरी फोन कधी करता? वर्षातून दोनदाच करायची परवानगी आहे, असं कळल्यावर बाबांनी घास खाली ठेवला. एकट्याने कुठे जायचं नाही, कायम जोडीदाराबरोबर. आठवड्याचं काम वरिष्ठांना कळवायचं. बदली कधीही होते, दोन-चार दिवस आधी सांगतात, मग बॅग भरून निघायचं, दूरचं पामर्स्टन नॉर्थ म्हणाले तर पामर्स्टन नॉर्थ.

"सरकारी खातंच आहे हे," बाबा मला मराठीत म्हणाले. "आणि टीए-डीए नाही. उलट घरचे पैसे घालतात. अरे, ही मुलं आमच्या खात्यात असती तर धरणं वेळेवर झाली असती."

मग टोंगाच्या मुलाने विषय धर्माकडे वळवला. त्यांच्यात पूर्वजांना फार महत्त्व आहे, म्हणाला. बाबांनी गोत्रापासून सुरुवात केली आणि कोकणातून कोण केव्हा घाटावर आलं, इथपर्यंत सात पिढ्या म्हणून दाखवल्या. मुलं भारावून ऐकत होती. मग त्याने सांगितलं, की मेलेल्या पूर्वजांच्या वतीने आम्ही जिवंत माणसं पाण्यात बुडी घेऊन बाप्तिस्मा घेतो, म्हणजे त्यांनाही संधी मिळते.

आता बाबा काय म्हणतात?

बाबांनी विचार केला. "माझ्या आजोबांच्या वतीने नको," ते गंभीरपणे म्हणाले. "त्यांना गार पाणी सोसायचं नाही. वडिलांचं बघा. ते पट्टीचे पोहणारे होते."

मुलांना हसावं की नाही कळेना. बायको हसली, मग सगळेच हसलो.

नंतर बाबांनी उंच मुलाला विचारलं, तुझे वडील काय करतात? शेती. काय पिकवता? जनावरांसाठी लसूणघास. पाणी कुठून? डोंगरातून पाट येतो आणि प्रत्येक शेताला पाळीने पाणी मिळतं, आमची पाळी कधी कधी पहाटे दोनला येते, तेव्हा मी आणि वडील कंदील घेऊन जातो.

बाबा खुर्चीतून उठलेच. "पाणीपाळी! अरे, यांच्याकडे पाणीपाळी आहे!" मग पुढे झुकून, एखादा डॉक्टर दुखरी जागा दाबतो तसं, त्यांनी विचारलं, "टेलला पाणी पोचतं का?"

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. तिथला शेतकरी कायम ओरडत असतो. बाबांची सगळी नोकरी त्याची ओरड ऐकण्यात गेली होती.

"नाही, सर," मुलगा म्हणाला. "वरचे लोक घेऊन टाकतात."

"कुठेच पोचत नाही!" बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. इतका आनंद त्यांना नातवंडाच्या बातमीनेही झाला नसता.

शुक्रवारी मला राहवेना. मुलं घमेली धूत होती, तिथे गेलो आणि उंच मुलाला म्हणालो, "हे बघा, मी खोटेपणा करणार नाही. आम्ही कोणी धर्म बदलणार नाही. तुमचा वेळ वाया जातोय आणि ते मला माहीत असून मी गप्प बसलोय. बाबा परत जायचं म्हणतात. तुम्ही येता तेवढाच वेळ ते तो विषय काढत नाहीत. मी तुम्हाला वापरतोय."

त्याने धुतलेलं घमेलं पालथं ठेवलं. म्हणाला, "तुमच्या वडिलांनी बुधवारीच सांगितलं, सर. म्हणाले, आय विल नॉट मूव्ह. बट द वॉटर विल."

"मग तुम्ही का येता?"

"या रस्त्यावर 'पुन्हा या' म्हणणारं एकच घर आहे."

ते मी का म्हणालो होतो, तेवढं मात्र मी त्याला सांगितलं नाही.

शनिवारी पाइप आणले. मलाही फावडं मिळालं. पाइपभोवती खडी टाकून चर बुजवताना माझ्या हाताला फोड आले आणि बाबा त्या मुलांना म्हणाले, "माय सन. कंप्युटर." मुलं सहानुभूतीने हसली.

रविवार हा त्यांचा प्रार्थनेचा दिवस, म्हणून काम बंद. दुपारी मात्र जोरात पाऊस आला. बाबा छत्री घेऊन मागे गेले, मी त्यांच्यामागे. टेकडीवरून येणारं पाणी चराशी येऊन थांबलं, आत उतरलं आणि कडेने खाली गेलं. गॅरेज कोरडं राहिलं. मी टाळ्या वाजवल्या. बाबा बराच वेळ बघत होते. मग त्यांनी छत्री मिटली.

"चला," ते म्हणाले. "झालं काम. उद्या त्या एजंटला कळव."

मी भिजत तिथेच उभा राहिलो. चार दिवसांत आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या परतीचीच वाट मोकळी करून दिली होती.

थोड्या वेळाने बेल वाजली. खालचे आजोबा होते. अर्धी चड्डी, पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"काय आहे मेट," ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुमचं पाणी माझ्या गॅरेजमध्ये आलंय. हीप्स ऑफ इट."

लाजेने मला तिथल्या तिथे दहा वर्षांनी म्हातारं झाल्यासारखं वाटलं. मी सॉरी म्हणत होतो, पुन्हा म्हणत होतो, त्यांचं गॅरेज मी स्वतः पुसून देतो म्हणत होतो. बाबांना मराठीत सांगितलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर आधी धक्का आणि मग हळूहळू काहीतरी वेगळंच पसरलं. अख्ख्या हयातीत टेलला पाणी पोचवता आलं नाही आणि आता पोचलं ते नको तिथे.

"आउटलेटचा विचारच नाही केला मी," ते पुटपुटले. "रिटायर झाल्याचा परिणाम. आपल्या हद्दीपुरतंच पाहिलं." मग मला म्हणाले, "आता हा चर त्यांच्या अंगणाच्या कडेने रस्त्याच्या गटारापर्यंत न्यावा लागणार. तुमच्या कौन्सिलला विचारावं लागेल. इथे परवानगीला किती दिवस लागतात?"

"बरेच," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, पण मी ते फार ठामपणे म्हणालो.

सोमवार हा मुलांचा सुट्टीचा दिवस, कपडे धुण्याचा आणि घरी पत्र लिहिण्याचा. तरी बातमी ऐकून ती दुपारी जुन्या जीन्समध्ये आली. मीही रजा टाकली होती. आम्ही चौघं खाली गेलो. पुढे कानटोपी घातलेले बाबा, हातात ती नळी. आजोबांनी दार उघडलं आणि मुलांकडे बघून त्यांचा चेहरा आक्रसला.

"यू टू अगेन?"

"दे आर विथ मी," बाबा म्हणाले आणि आत शिरले.

आम्ही गॅरेज पुसून काढलं. बाबांनी उतार मोजला. आजोबांनी बघता बघता स्वतःच नळीचं एक टोक धरलं. काम झाल्यावर ते सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. मुलं माझ्याकडे बघू लागली. ती काही म्हणायच्या आत बाबांनी हात वर केला.

"नो, नो. दे डोन्ट टेक. डिपार्टमेंट रूल," असं म्हणून त्यांनी दोन्ही कप स्वतःच्या पुढे ओढले.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. एजंट. आज शेवटचा दिवस आहे, तारीख बदलायची का? मी फोनवर हात ठेवून बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते पूर्वी बिनडोक प्रश्न विचारणाऱ्या ज्युनियरकडे पाहत असतील.

"लोकाच्या घरात पाणी सोडून मी विमानात बसू?"

आणि आजोबांकडे वळून, बशीत चहा ओतत म्हणाले, "टुमॉरो. टेन ओ'क्लॉक."