शनिवारची विशेष सभा

"शनिवारी? साहेब, शनिवारी ऑफिस बंद असतं," मी म्हणालो.

"जनतेच्या कामाला कसली सुट्टी? काढा नोटीस," उपसभापती म्हणाले.

मी गार झालो. एरवी कामाच्या दिवशीही या गृहस्थांचं दर्शन दुर्मिळ. त्यांना सुट्टीच्या दिवशी जनसेवेची उबळ आली, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं. मी तेव्हा पंचायत समितीत अधीक्षक होतो. परभणी जिल्ह्यातली कुठली, ते सांगत नाही. मला अजून तिथं चहाला जायचं असतं.

सभेचा विषय एकच होता, उपकेंद्र. उपकेंद्र म्हणजे नर्स आणि बाळंतपणाची खोली असलेला छोटा सरकारी दवाखाना. तो नदीपलीकडच्या एका गावाला मंजूर झाला होता. पावसाळ्यात पूल बुडाला की ते गाव तुटतं. आदल्या वर्षी तिथली एक बाळंतीण बाजेवरून आणताना वाटेतच गेली होती. उपसभापतींना मात्र तोच दवाखाना हायवेवर हवा होता. तिथं त्यांच्या मेव्हण्याचं मेडिकल होतं, हा निव्वळ योगायोग.

त्यांच्या आड एकच बाई होती, सभापती रिबकाबाई.

बाई ज्यू. मूळच्या कोकणातल्या. नवरा रेल्वेत गार्ड, म्हणून लग्नानंतर इकडे आल्या. नवरा वारला, नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले, बाई राहिल्या. आधी ग्रामपंचायत, मग पंचायत समिती, निवडणूक आली की बाई निवडून येणारच. आपल्याकडे उमेदवाराचं काम नंतर बघतात, जात आधी. बाईंची जात कुणाला लावताच येईना, त्यामुळे जातीवर त्यांना पाडायचं कसं हेही कुणाला सुचेना. शेवटी नाइलाजानं लोकांना त्यांचं काम बघावं लागलं.

बाईंचा एक नेम होता. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लावायचा, आणि शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत पेनाला हात नाही, गाडीत पाय नाही. मग मंत्री येवोत नाहीतर कलेक्टर. हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

सभेत मतं समान पडली तर अध्यक्षाला, म्हणजे सभापतीला, आणखी एक मत देता येतं. त्याला निर्णायक मत म्हणतात. आमचे सदस्य बरोबर निम्मे-निम्मे फुटले होते. बाई आल्या तर उपकेंद्र वाचणार, नाही आल्या तर मेडिकलची भरभराट. बाई डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या, चार्ज उपसभापतींकडे आला, आणि त्यांनी तेवढ्यात शनिवार गाठला. नोटीस नियमात बसत होती. असली कामं आपल्याकडे नेहमी नियमातच बसतात.

बाई घरी आल्याचं कळताच मी फोन केला. "बाई, शनिवारी तुमची सही लागेल. हजेरीवर सही नसेल तर मत धरत नाहीत."

"बघू," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं. इतक्या वर्षांचा नेम मोडा, असं मी कोण सांगणार?

शनिवारी उपसभापती इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून वेळेआधी हजर! अध्यक्षाच्या खुर्चीत बसून पेढ्याचा पुडाही समोर ठेवलेला.

"करा सुरू," ते म्हणाले.

इतक्यात खाली मोटरसायकल थांबली. शेजाऱ्याच्या मागं एका बाजूला पाय सोडून रिबकाबाई आल्या होत्या. डोळ्याला काळा चष्मा. जिना चढल्या, माझ्यापुढं हात केला. मी पेन दिलं. सही झाली.

उपसभापती ताडकन उठले. "मावशी, आज शनिवार हाय! तुमच्यात चालत न्हाई. मी मोबाइलवर सगळं वाचलंय."

"आर्धंच वाचलं बाबा तुमी," बाई म्हणाल्या. "कुणाचा जीव वाचवायचा आसल तर शनिवार मोडावाच लागतो, आसं आमच्यात सांगितलेलंच हाय. त्या पोरीला बाजेवरून नेलं तवा मी तिथंच होते. उठा, खुर्ची द्या."

मतं समान पडली. बाईंनी निर्णायक मत दिलं. जागा बदलायचा ठराव पडला. मी उगाच पंख्याचं बटण बघत बसलो.

मग मी इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद, सहीसाठी पुढं केलं. बाईंनी ते बाजूला सारलं.

"हे सोमवारी. ह्याच्यावाचून कुणी मरायलं न्हाई."

आणि घरी निघाल्या. मोटरसायकलवाल्याला हातानंच नको म्हणाल्या. उन्हातून, चालत.

उपकेंद्र आज नदीपलीकडेच आहे. पूल बुडाला तरी नर्स तिथं असते. मी यातून एवढंच शिकलो की दुसऱ्याच्या धर्माचा फायदा उठवायचा असेल तर तो शेवटच्या पानापर्यंत वाचावा. नाहीतर सुट्टीही जाते आणि पेढेही ऑफिसवालेच खातात.