ट्रक ओळखणारा पेन

आमच्या पनीरच्या कारखान्यात एक पेन होता, तो ट्रक ओळखायचा. रिकामा ट्रक गेला तर जागचा हलायचा नाही, भरलेला गेला तर उसळी मारायचा, आणि छत्तीसगडकडून ओंडके लादलेलं चौदा चाकी धूड आलं की असा नाचायचा की लाल शाई थेट माझ्या बनियनवर. ही गोष्ट मी देवरीपासून गोंदियापर्यंत हजार माणसांना तरी सांगितली असेल. हजार म्हणजे दोनशे धरा. मी सांगितलेल्या कुठल्याही आकड्याचे पाच भाग करून एकच ठेवायचा, हे माझ्या बायकोनं लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ओळखलं होतं.

दोन हजार पाचच्या आगेमागची गोष्ट. कारखाना हायवेला लागून, देवरीच्या अलीकडे. सकाळी खेड्याखेड्यांतून दूध यायचं, ते फाडून पनीर व्हायचं, पनीर नागपूर-रायपूरला जायचं आणि मागे उरायचं हिरवट पाणी. साहेब लोक त्याला ‘व्हे’ म्हणत, आम्ही पाणीच म्हणायचो. आधी ते नाल्यात सोडत. ते पिऊन नाल्यातले बेडूक असे माजले होते की त्यांचा आवाज हॉर्न समजून एसटीचा ड्रायव्हर बाजू द्यायचा. मग गोंदियाच्या शेठजींना कोणीतरी सांगितलं, की या पाण्याची पावडर होते. झालं! यंत्रं आली. पाण्यातली उरलीसुरली मलई काढायची, पाणी थंड करायचं आणि टँकरनं दूरच्या पावडर कारखान्यात पाठवायचं. टँकर भरून उरलेलं आसपासचे लोक कॅननं जनावरांसाठी न्यायचे.

पावडरवाल्यांची अट एकच होती. पाणी सतत सारखं पाहिजे. पातळ नको, आंबट नको, आणि पाइप धुवायचा कातडी सोलणारा कॉस्टिक सोडा तर थेंबभरही नको. म्हणून पाण्याच्या पाइपातच बोटाएवढी एक कांडी बसवली. पाणी तिला घासून वाहत राहणार आणि तिला काय लागलं ते वायरीतून भिंतीवरच्या डब्यात कळणार. डब्यात जेवणाच्या ताटाएवढा गोल कागद दिवसरात्रीत एक फेरा मारायचा, त्यावर पेन रेघ काढत राहायचा. पाणी चांगलं असेल तर रेघ मधोमध गोल फिरायची. साधं पाणी मिसळलं तर पेन आत सरकायचा, सोडा शिरला तर बाहेर, कागदाच्या काठाकडे. पेन बाहेर गेला की व्हॉल्व्ह बंद करायचा. आठ तास त्या पेनकडे बघत बसायचं आणि वेळेवर व्हॉल्व्ह फिरवायचा, एवढंच माझं काम.

मला गप्प बसवून पेनकडे बघायला लावणं म्हणजे माकडाला पोस्टात तिकिटं चिकटवायला बसवणं.

पहिल्या वर्षी वायर ढिली होती. हायवेवरून भरलेला ट्रक गेला की भिंत थरथरायची आणि पेन उडायचा. मला दुसरं काय पाहिजे? टँकरच्या ड्रायव्हरांना आत बोलवायचं, कान टवकारायचे, पेन उडाला की डोळे मिटून सांगायचं, ‘‘तांदूळ. बारा टनाच्या वर. ड्रायव्हरच्या कपाळाला टिळा.’’ ते बाहेर धावत, ट्रकच्या मागचं धान्याचं भुसकट उडताना बघत आणि परत येऊन मला चहा पाजत. पुढे मी सांगायला लागलो, की दूरच्या चोरखमाऱ्याच्या तलावात मासा वळला तरी पेनाला कळतं.

मग नागपूरहून मेकॅनिक आला आणि त्यानं वायर पक्की केली. पेन देवासारखा शांत झाला. झाला तसा राहू द्यायचा की नाही? पण लोक येतच होते. एक ड्रायव्हर तर रायपूरहून आपल्या मेव्हण्याला घेऊन आला. त्याला काय सांगू, की पेन बरा झाला? मी डब्याला पाठ लावून उभा राहिलो आणि ट्रकचा आवाज आल्यावर कोपरानं हळूच एक ढुशी दिली. पेन उडाला. मेव्हणा खूश. त्या दिवसापासून माझं कोपर दिवसाला तीन-चारदा ट्रक चालवायला लागलं. कागदावर काटेच काटे. शेठजी विचारायचे, ‘‘ये क्या है?’’ आणि बॉयलरवर काम करणारे मामाच माझ्या वतीनं उत्तर द्यायचे, ‘‘ट्रक जाते शेठजी.’’

मामा म्हणजे माझे कोणी नव्हेत, सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. वय साठीचं, बोलणं तोफेचं.

आता बाईंचं सांगतो. तीन किलोमीटरवरच्या गावातून एक बाई रोज सायकलनं दूध आणायच्या. शेती ठेक्याची, धानाची, आणि घरी एक म्हैस. सकाळी दुधाचा कॅन द्यायचा आणि त्याच सायकलला पाण्याचा कॅन बांधून परत. म्हशीचंच दूध, म्हशीलाच पाणी. माणसांशी झाडीबोलीत बोलायच्या, पण म्हशीशी घरच्या पोवारी बोलीतच. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘‘तिले दुसरं समजत नाई जी.’’ माझ्या ट्रकच्या गोष्टीला सगळ्यात मोठ्यानं त्याच हसायच्या.

त्या दिवशी सकाळचे नऊ झाले असतील. मी बाहेर बाजेवर बसून दोन ड्रायव्हरांना मेव्हण्याची गोष्ट सांगत होतो. बाई दहाएक मिनिटांपूर्वी पाणी भरून निघून गेल्या होत्या. आतून मामा ओरडले, ‘‘अबे, पेन उडून राह्यला!’’

‘‘ट्रक गेला असंल मामा!’’

सगळे हसले. आतून मामाही हसले. मी पुढचं वाक्य सुरू केलं आणि रस्त्याकडे हात केला, तो ट्रक दाखवायला.

रस्त्यावर एक गाय बसली होती. डांबराच्या मधोमध, डोळे मिटून, रवंथ करत. पुढच्या नाल्यावरचा पूल दुरुस्तीसाठी पहाटेपासून बंद होता. एकही ट्रक गेला नव्हता, जाणारही नव्हता. म्हणून तर ते दोघं ड्रायव्हर माझ्या बाजेवर अडकून बसले होते.

मी आत धावलो. ट्रकनं उडालेला पेन लगेच खाली यायचा. हा काठावर जाऊन बसला होता, आणि रेघेवरून बघितलं तर पाव तासापासून तिथेच होता. दोन पाइपांमधल्या व्हॉल्व्हचं रबर फाटलं होतं आणि धुण्याचा सोडा पाण्यात उतरत होता. मी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. फाटकाशी त्याच पाण्यानं भरलेले दोन कॅन उभे होते, ते लाथेनं उलटे केले. दोन बोटं त्या पाण्यात बुडवून चोळली, साबणासारखी सरकली. तिसरा कॅन बाईंच्या सायकलवर होता.

तीन किलोमीटर मी सायकल कशी हाणली ते सांगताना मला आजही काही वाढवावंसं वाटत नाही. पोचलो तेव्हा बादली रिकामी होती. म्हैस ओठ चाटत उभी होती. तिची नजर नेहमीसारखी, जगाचं कर्ज फेडून झाल्यासारखी.

‘‘काऊन जी भाऊ?’’ बाई म्हणाल्या. ‘‘पेनानं पाठवलं का?’’

तिथे सांगायचं होतं. तोंडात सगळं तयार होतं. पण म्हैस ठणठणीत दिसत होती आणि मी मनाशी म्हटलं, एवढं मोठं जनावर, एवढासा सोडा, पचवेल. नोकरी आठवली, शेठजी आठवले. मी म्हणालो, ‘‘इकडून जात होतो, तहान लागली.’’ पाणी प्यालो आणि निघताना, मोठा शहाणा असल्यासारखा, सांगितलं, ‘‘आज ऊन आहे. म्हशीला साधं पाणी भरपूर पाजा.’’

संध्याकाळी म्हशीच्या तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या. दुसऱ्या दिवशी जिभेची साल निघाली. ती चाऱ्याला तोंड लावेना. गुरांचे डॉक्टर आले तेव्हा मी तिथेच होतो, गोठ्याच्या खांबाला टेकून.

‘‘काही वेगळं खाल्लं का हिनं?’’

बाईंनी पदरानं म्हशीची लाळ पुसली. मग म्हणाल्या, ‘‘कोंडा जुना होता जी. वास येत होता. म्या म्हटलं चालते, अन् घातला.’’

डॉक्टरांनी मान हलवली. मी खांब धरून उभा राहिलो. ज्यानं माशाच्या वळण्याची गोष्ट रंगवून सांगितली, त्याच्या तोंडून ‘सोडा’ हा एक शब्द फुटला नाही.

कारखान्यात शेठजींनी रबर बदलायला लावलं. मग कागदाकडे बघून म्हणाले, ‘‘कागज बदल दे. और फाड दे.’’ मी बदलला. फाडला नाही, घडी करून बनियनच्या आत ठेवला. मामांनी ते बघितलं.

‘‘तू सांगजो तिले,’’ ते म्हणाले. ‘‘मी नाई सांगत. मीही हासलो होतो.’’

म्हैस सहाव्या दिवशी गेली.

त्यानंतरच्या रविवारी मी कागद घेऊन बाईंकडे गेलो. अंगणात बाई आणि त्यांच्या सासूबाई होत्या. मी कागद जमिनीवर पसरला आणि सगळं सांगितलं. ढिली वायर, मेव्हणा, माझं कोपर, फाटलेलं रबर, बाजेवरची गोष्ट, रस्त्यावरची गाय. ‘‘हे बघा, इथे पेन काठावर गेला. हा तुमचा कॅन. कोंड्यानं काही झालं नाही बाई. मी केलं.’’

बाईंनी कागद उचलला, या बाजूनं त्या बाजूनं फिरवून बघितला. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील, निदान कागद तोंडावर फेकतील. मी त्यासाठीच गेलो होतो.

त्या सासूबाईंकडे वळल्या. ‘‘पायजा आत्या, भाऊ कसा सांगून राह्यला! माह्या जिवाले लागलं म्हून आपल्या अंगावर घेऊन राह्यला.’’

‘‘नाही हो बाई, खरं सांगतो. मुलांची शप्पथ.’’

‘‘मागं पेनाच्या गोष्टीतही शपथच घेतली होती जी तुमी,’’ त्या डोळे पुसत म्हणाल्या. ‘‘राहू द्या. कोंडा म्याच घातला. मले माहीत आहे.’’

मी आणखी दोनदा सांगून बघितलं. जितकं जास्त खरं सांगावं, गाय कुठे बसली होती, सोडा बोटांवर कसा सरकला, तितकं ते जास्त रचलेलं वाटायला लागलं. मलासुद्धा. शेवटी बाईंनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली, आणि चहा आणला. काळा.

‘‘आत्यानं ऐकला नाई तुमचा ट्रकवाला किस्सा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सांगा ना. आठ दिवसांपासून या घरात कोणी हासलं नाई.’’

मी कप खाली ठेवला. मग सांगितला. तांदूळ, बारा टन, ड्रायव्हरच्या कपाळावरचा टिळा, शाईनं लाल झालेलं बनियन, सगळं. मेव्हण्यापाशी आल्यावर कोपर वगळलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्यांना हसताना बघून बाईही. त्यांच्या मागे गोठ्यातल्या खुंट्याला दावं तसंच बांधलेलं होतं, मोकळं टोक जमिनीवर.